सात पायऱ्या कोरड्या

२ मार्च

काकू,

पोचले. किल्ली तू सांगितलीस तिथेच होती, पागोळीच्या नळीमागे. म्हणजे तुम्ही क्वार्टर सोडल्यापासून इथे कोणी धड शोधाशोधही केलेली नाही. आधीचे प्रमुख शहरातून ये-जा करायचे म्हणे. मी इथेच राहणार. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझी उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत. सहावीच्या सुट्टीनंतर मी वाढलेच नाही, असं त्या भिंतीचं मत आहे.

उद्यापासून या अभयारण्याची प्रमुख मी. हुद्दा एवढा लांब आहे की दारावरच्या पाटीत मावत नाही. हाताखाली माणसं दोन, एक नावाडी आणि एक पहारेकरी, दोघेही नवे. काकांना त्यांनी पाहिलेलंही नाही.

आता कामाचं. नेमणुकीचं पत्र हातात देतानाच साहेबांनी सांगितलं की गेल्या दोन वर्षांत तळ्यातल्या बेटावर सुरय पक्ष्यांचं एकही पिल्लू उडालेलं नाही. यंदा निदान पन्नास उडाली तर बेट राहील. नाही तर शहराच्या पाण्यासाठी तळं बारा महिने काठोकाठ भरून ठेवायचं, म्हणजे बेट कायमचं पाण्याखाली. मला एक मोसम मिळालाय. मी हो म्हटलंय, कारण हे जमण्यासारखं आहे.

सगळं पाण्याच्या उंचीवर आहे, हे मी तुला काय सांगू. पाणी जास्त झालं की वाळूतली अंडी बुडतात, कमी झालं की कोल्हा बेटावर चालत जातो. आधीच्यांनी पाणी फार चढं ठेवलं आणि दोन्ही वर्षं अंडी बुडवली. काकांच्या वेळी शंभरावर घरटी असायची. पण ऑफिसच्या फायलीत फक्त पक्ष्यांचे आकडे आहेत, पाण्याचे नाहीत. ते काकांच्या स्वतःच्या वह्यांत. त्या वह्या मला हव्यात, काकू.

फोनला इथे अजून रेंज नाही. पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तुझ्या खोलीखालचा बाइंडर ते घेईल ना?

तुझी टिटवी


५ मार्च

टिटवीबाई,

प्रमुख झालीस म्हणून मी काही अहोजाहो करणार नाही. लहानपणी दिवसभर टिवटिव करायचीस म्हणून ह्यांनी तुला ते नाव ठेवलं. आता पगार घेऊन करशील. छान झालं. जमेल म्हणतेस तर जमेल. आपल्या घरात पोकळ बढाया कोणी मारल्या नाहीत.

बाइंडर पत्र घेतो आणि वर येऊन देतो. वाचत नाही, पण जाड आहे की पातळ ते सांगतो. तुझं जाड निघालं.

माझं बरं आहे. खोल्या दोन, पैकी एकीत ऊन येतं. वाचनालय चार इमारती सोडून. आठवड्याला दोन पुस्तकं देतात, मी भांडून तीन आणते. चौथी शिकलेल्या बाईला तीन कशाला, असं तिथल्या बाईंनी एकदा विचारलं. मी म्हटलं, पाचवीपासूनचं राहिलंय ते भरून काढते. एकच खोड जात नाही, अजून मोठ्यानं वाचते. ह्यांच्यासाठी वाचायचे, ती सवय. ऐकणारा नाही म्हणून आवाज कुठे कमी होतो?

वह्यांचं म्हणशील तर त्या पाठवत नाही. पानं सुटली आहेत, बसमध्ये विस्कटतील. बाइंडरकडून शिवून घेईन म्हणते. तुला हवे ते आकडे उतरवून देते. शेवटची सहा वर्षं घे, तीच सगळ्यात चांगली. अंडी घालायच्या सुमारास पाणी सात. सहाही वर्षं सात, एक दिवस इकडेतिकडे नाही. घरटी पहिल्या वर्षी एकशे चार, मग एकशे अकरा, एकशे अठरा, एकशे सत्तावीस, एकशे वीस आणि शेवटच्या वर्षी एकशे सोळा.

सात लक्षात ठेव. बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काकू


१९ मार्च

काकू,

आले. परवा सकाळी बारा होते, आज साठाच्या वर. डोक्यावर काळी टोपी घालून, पाण्यावर चोच खाली करून फिरताहेत. माझी पोळी तव्यावर जळली, पण मी पाहत राहिले.

तुझं पत्र मिळाल्यावर वेळ घालवला नाही. बांधातल्या दरवाजाच्या खाचेतल्या तीन फळ्या काढल्या आणि पाणी मोजखांबावर हळूहळू दहावरून सातावर आणलं. नावाडी म्हणाला, बाई, फार उतरवलंत. मी म्हटलं, ज्या माणसानं चौतीस वर्षं हे तळं राखलं त्याचा आकडा आहे, माझा नाही. बेट मस्त मोठं दिसतंय. आज वाळूत पहिले खळगे दिसले, एकात दोन अंडी.

दुसरी बातमी त्याहून मोठी. साहेब येऊन गेले. बेटासमोरच्या निरीक्षणाच्या झोपडीला काकांचं नाव द्यायचं ठरतंय. फलकावर ‘चौतीस वर्षांच्या अखंड नोंदींसाठी’ असं लिहायचं. वह्या काचेच्या पेटीत ठेवायच्या म्हणतात, लोकांना बघायला. मी त्यांना सांगितलं की वह्या शिवायला टाकल्यात, झाल्या की आणते. झाल्या का?

काका असते तर म्हणाले असते, फलक कशाला, त्यावर कावळेच बसणार. पण आतून खूश झाले असते. तुलाही आनंद झाला असेल.

टिटवी


२३ मार्च

टिटवी,

झाला आनंद. का होणार नाही? त्यांचं नाव त्यांच्या तळ्यावर लागणार. बाइंडरलाही सांगितलं, त्यानं चहा पाजला.

वह्या अजून शिवून झाल्या नाहीत. त्याच्याकडे शाळांची कामं पडली आहेत. काचेच्या पेटीचं मात्र मला पटत नाही. वही उघडून वाचायची असते, काचेतून एकच पान दिसतं. साहेबांना सांग, फलक पुरे.

त्यांची दुर्बीण खुंटीवर आहे. आठवड्यातून एकदा पुसते. ती तुला देईन म्हणते, पण इतक्यात नाही.

अंड्यांकडे लक्ष ठेव. जेवत जा वेळेवर.

काकू


२ एप्रिल

काकू,

आज सविस्तर लिहायला मन नाही. काल सकाळी बेटावर कोल्ह्याच्या पायांचे ठसे दिसले. येतानाचे आणि जातानाचे, अगदी फिरायला आल्यासारखे निवांत. एकोणीस घरटी गेली. फक्त टरफलं उरली आहेत. पक्षी वर घिरट्या घालून ओरडताहेत आणि मी खाली उभी.

उत्तरेकडून पाण्याखाली एक उंचवटा आहे, तो उघडा पडायला चार बोटंच उरलीत. त्यावरून आला. पाणी मी रोज सकाळी स्वतः बघते, मोजखांबावर बरोबर सात आहे. सातला तर तो उंचवटा जवळजवळ कोरडाच असतो. मग सहा वर्षं कोल्हा का आला नाही? काका पहारा करायचे का? काही कुंपण होतं का? काही तरी आहे जे मला माहीत नाही.

दोन दिवस नावाडी आणि पहारेकरी आळीपाळीनं काठावर बसतील. तेवढ्यात उत्तर पाठव. बाकीची घरटीही गेली तर साहेबांना सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही.

टिटवी


३ एप्रिल

टिटवी,

ड्रायव्हरला सांगितलं आहे, हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं. आधी कामाचं वाच, मग बाकीचं.

मोजखांब विसर. माझं सात खांबावरचं नाही. दरवाजाच्या अलीकडे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, त्यांतल्या सात पायऱ्या कोरड्या, ते माझं सात. वरून मोजायच्या. सगळ्यात वरच्या पायरीच्या उजव्या कोपऱ्याला दोरीनं पडलेली खाच आहे, ती एक. आठवी पायरी पाण्याखाली हवी. म्हणजे तू उतरवलंस त्यापेक्षा पाणी थोडं चढं ठेवायला हवं होतं. फळ्या आजपासून परत घालायला लाग, पण एकदम नको. खालच्या अंगाची घरटी बुडतील. एका फळीला चार दिवस दे. पाण्याजवळची अंडी असतील ती जुन्या ताटलीत वाळूसकट उचल आणि रोज अर्धा हात वर सरकव, जास्त नको. पक्षी कुरकुरतो, पण येऊन बसतो. लवकर गेलेली घरटी सुरय पुन्हा मांडतात. अजून वेळ आहे.

आता बाकीचं.

शेवटच्या सहा वर्षांच्या वह्या मी लिहिलेल्या आहेत. ह्यांचे डोळे गेले होते. एकदम नाही. आधी खांबावरचे आकडे पुसट झाले, मग पक्षी, मग मी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता हे असंच राहणार. ऑफिसला कळवलं असतं तर शहरात खुर्चीवर बसवलं असतं. हे म्हणाले, “मला तळ्यावरून उठवलंत तर महिनाभरच काढेन.” मग आम्ही कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या फळ्या, त्यांचे कान, माझे डोळे, माझं अक्षर. खाली सही त्यांची, तीही मीच करायचे.

खांबापर्यंत जायला पाण्यावरच्या अरुंद फळीवरून चालावं लागतं आणि मला पाण्याची भीती. म्हणून मी पायऱ्या मोजायचे. सहा वर्षांत आमच्या घरात पाणी म्हणजे पायऱ्या असंच झालं. ह्यांच्या स्वतःच्या जुन्या वह्यांत नऊ लिहिलेलं आहे, ते खांबावरचं. तू वह्या पाहिल्या असत्यास तर एका ठिकाणी नवाचं सात होतं आणि अक्षर बदलतं, हे तुला एका क्षणात दिसलं असतं. तेच दिसू नये म्हणून मी वह्या दिल्या नाहीत. शिवणकामाची थाप मारली. आणि चांगली वर्षं म्हणून माझीच सहा उतरवून दिली. त्यात मिरवणं होतं, ते कबूल करते.

तू ‘फळ्या काढल्या’ असं लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण त्याच पत्रात फलकाची बातमी होती. मी तेवढीच चारदा वाचली.

तुझी एकोणीस घरटी माझ्यामुळे गेली. रागव. पण आधी फळी घाल.

काकू


१२ एप्रिल

काकू,

आधी फळी घातली, मग रागावले. तू सांगितलेल्याच क्रमानं.

पायऱ्या शोधायला अर्धा दिवस गेला. गेल्या वर्षी बांधावर खडी टाकून वाट केली, तीत वरच्या दोन गाडल्या गेल्यात. पहारेकऱ्यानं कुदळ घेतली आणि खाचेची पायरी सापडली. मधोमध बशीसारखी झिजलेली आहे. तिथून मोजल्या तर नऊ पायऱ्या कोरड्या. दोन फळ्यांची चूक. त्या परत घातल्या, चार-चार दिवसांनी. आज आठवी पायरी बुडाली आणि त्याच वेळी खांबावर बरोबर नऊ आलं. काकांचं नऊ आणि तुझं सात एकच पाणी आहे.

खालच्या अंगाची आठ घरटी सरकवली. पुस्तकात रोज एक हात लिहिलंय, तू अर्धा म्हणालीस, मी तुझं ऐकलं. आठापैकी सात टिकली. कोल्हा परवा काठापर्यंत आला, पंजा भिजवून बघितला आणि परत गेला. उजाड झालेल्या जागी पक्षी पुन्हा खळगे करताहेत.

चूक माझीही आहे. तो उंचवटा मी स्वतः काठी घालून मोजायला हवा होता. दुसऱ्या कोणाचा आकडा असता तर मोजलाच असता. काकांचा होता म्हणून देवाघरचा मानला.

आता रागाचं. वह्या लपवल्यास त्याचा राग आहे, पण तो जाईल. दुसरं एक जात नाही. त्या वर्षांत मी दर सुट्टीत यायचे. काका झोपडीत बसून विचारायचे, “टिटवे, उजवीकडे तो कोण बसलाय सांग.” मी नाव सांगायचे. “शेपूट कशी आहे? पाय कोणत्या रंगाचे?” मी सगळं सांगायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. एकदा मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं होतं, तर ते हसून म्हणाले, “त्याचा आवाज असा नसतो.” मी त्यांना परीक्षक समजत होते. ते मला डोळे उसने मागत होते, आणि हे मला एकानंही सांगितलं नाही.

टिटवी


१६ एप्रिल

टिटवी,

सांगायला हवं होतं. तू अठरा वर्षांची होतीस आणि तुझं तोंड तुझ्या ताब्यात नव्हतं, एवढंच कारण.

पण एक दुरुस्त करून घे. फक्त गरज नव्हती. तुझी उत्तरं मी संध्याकाळी वहीत उतरवायचे तेव्हा ते विचारायचे, आज किती बरोबर? मी म्हणायचे, सगळी. मग दुसऱ्या दिवशी अवघड विचारायचे. डोळे उसने घेत होते हे खरं, पण व्याज देऊन.

आणि हे बसून नव्हते. फळीवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून सांगायचे की वर कुठे तरी पाणी वाढलंय, अर्धी फळी काढ. कधी चुकले नाहीत. पक्षी कोणत्या आवाजात ओरडले की कोल्हा आणि कोणत्या आवाजात घार, ते मला त्यांनीच शिकवलं. तळं त्यांचंच होतं. मी फक्त मोजत होते. दोन खिशांचा झगा शिवला होता, उजव्या खिशात बटणं. पाच घरटी मोजली की एक बटण डावीकडे. माझ्या सहा वर्षांत एकदाही बटण हरवलं नाही.

निवृत्त झाल्यावर इथे आलो. महिनाभरच काढेन म्हणाले होते, चार महिने काढले. हट्टी माणूस.

या बसनं गाठोडं पाठवते आहे. चौतीसच्या चौतीस वह्या. बाइंडरनं खरंच शिवल्या, आता खोटं उरलं नाही. शिवताना तो म्हणाला, “काकू, या दोन माणसांच्या वह्या आहेत.” त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच, मीच उगाच पोटाशी धरून बसले होते.

साहेबांना खरं सांग. सगळं सांग, डोळ्यांचं, सहीचं. त्यावर फलक मिळत नसेल तर न मिळो. खोट्या चौतीसापेक्षा खरे अठ्ठावीस बरे. पण माझे आकडे खोटे आहेत असं कोणी म्हणालं तर मला बोलाव.

काकू


४ जून

काकू,

दीड महिना लिहिलं नाही, कारण हात वाळूत होते. आता ऐक.

साहेब परवा आले. मी वह्या पुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले की बेटाचा निर्णय करणाऱ्या समितीकडे तुम्ही दिलेल्या अर्जात याच सहा वर्षांचे आकडे पुरावा म्हणून जोडलेत आणि ते मोजणारी बाई चौथी शिकलेली, खात्यात नसलेली, दुसऱ्याची सही करणारी. समिती ते फेकून देईल. माणूस वाईट नाही, कायद्याचा आहे.

मी त्यांच्याकडे एक दिवस मागितला. तुझ्या चौथ्या वर्षी खात्यानं विमानातून सगळ्या पाणथळींचे फोटो काढले होते, ते मला आठवलं. जुन्या कपाटात सापडले. बेटाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, साहेबांनी आणि मी घरट्यांवर टाचण्या टोचल्या. एकशे सव्वीस. तुझ्या वहीत एकशे सत्तावीस. साहेबांनी टाचण्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाले, “या बाईंना बोलवा.”

कारण आता खरी अडचण. या मोसमात अठ्ठावन्न घरटी टिकली. पिल्लं पंख झाडायला लागलीत. मी तीनदा मोजली आणि तिन्हीदा सत्तेचाळीस भरली. पन्नास हवीत. नावाड्याला बावन्न दिसली, पण तो माझं मन राखणारा आहे. साहेबांनी ठरवलंय की गुरुवारी ते, मी आणि तू अशा तिघांनी वेगवेगळं मोजायचं आणि एकमेकांना न विचारता कागदावर लिहायचं.

तू तळ्यावर परत आलेली नाहीस हे मला ठाऊक आहे. का, तेही. नको वाटलं तर नाही लिही, मी सत्तेचाळीस कळवेन. माझ्याच डोळ्यांना दिसलेलं कळवीन, वाढवून नाही.

टिटवी


५ जून

टिटवी,

गुरुवारच्या बसनं येते. दुर्बीण आणते. झगा सापडला, बटणंही आहेत.

सत्तेचाळीस कशी भरली ते सांगते. तू दुपारी मोजलीस. दुपारी पिल्लं दगडाच्या सावलीला चिकटून बसतात, वाळूच्या रंगाची होतात, दिसत नाहीत. ऊन उतरल्यावर मोज. आईबाप मासा घेऊन येतात तेव्हा लपलेलं पिल्लूही पुढे येतं आणि चोच उघडतं. भूक लपत नाही. चोच उघडून मागताना मोजायचं, मासा मिळाल्यावर तेच पुन्हा मोजायचं नाही, आणि एक दगड संपल्याशिवाय दुसऱ्यावर जायचं नाही.

हे साहेबांनाही सांग. मला कोणाला हरवायचं नाही. तिघांनीही नीट मोजलं पाहिजे.

एकशे सव्वीस कसे? उरलेलं एक बेटाच्या दक्षिण टोकाला मोठ्या दगडाच्या आडोशाला होतं. विमानाला दिसलं नसेल.

काकू


१३ जून

काकू,

तू गुरुवारी शेवटच्या बसनं गेलीस, राहा म्हटलं तरी राहिली नाहीस. तेव्हा पत्रानंच सांगते. समितीचा कागद आज आला. तीन आकडे जोडले होते. साहेब एक्कावन्न, मी बावन्न, तू त्रेपन्न. तिन्ही पन्नासाच्या वर. बेट राहिलं. दरवर्षी अंड्यांच्या काळात पाणी नऊवर ठेवायचं असं नियमात लिहिलंय, आणि मी हट्टानं पुढे घालायला लावलं, ‘म्हणजे सात पायऱ्या कोरड्या’. खडी काढून वरच्या दोन पायऱ्या मोकळ्या ठेवायच्या, हेही.

बसमध्ये चढताना तू म्हणालीस, तुला बावन्न दिसली म्हणजे एकावर नजर अजून बसायची आहे. साहेब ते ऐकून हसले, माझ्यावर.

मला तू विचारलं नाहीस, पण मी पाहिलं. आल्या आल्या झोपडीत गेली नाहीस. पायऱ्यांवर गेलीस, त्या झिजलेल्या जागी बसलीस, बराच वेळ. मी नावाड्याला तिकडे जाऊ दिलं नाही.

आता फलक. साहेब विचारताहेत काय लिहायचं. दोघांची नावं लिहू म्हणतात. तू सांगशील ते होईल.

टिटवी


१६ जून

टिटवी,

पायऱ्यांवर बसले ते रडायला नाही. मला वाटत होतं, तळ्यावर गेले की ते तिथे नाहीत हे दिसेल, म्हणून दोन वर्षं गेले नाही. तर तसं काही झालं नाही. डोळे मिटून फळीवरचं पाणी ऐकलं आणि मला कळलं की अर्धी फळी जास्त आहे. तुला सांगितलं, तू काढलीस. म्हणजे ते काही कुठे गेलेले नाहीत. शहरातल्या खोलीतच फक्त नाहीत.

फलकावर त्यांचं एकट्याचं नाव राहू दे. चौतीस लिहू नका, अठ्ठावीसही नको. ‘या तळ्याचे राखणदार’ एवढं पुरे, आणि ते सगळं खरं आहे. माझं नाव वहीत असू दे. यंदाची वही तू सुरू केलीस, तिच्यात मोजणाऱ्याच्या रकान्यात गुरुवारी मी सही केली तेवढी बस. उन्हापावसात उभं राहायची माझी हौस फिटली आहे.

पुढच्या वर्षी अंड्यांच्या वेळी मी येईन. पंधरा दिवस राहीन. खुंटीवर जागा कर, दुर्बीण तिथेच ठेवू, ती इथे खिडकीतून बघून कंटाळली. स्वयंपाकघराच्या भिंतीची रेघही पुढे न्यायची आहे, तू वाढली आहेस.

एक राहिलं. त्या सहीचं. सहा वर्षं त्यांचीच करत आले, त्यामुळे साहेबांसमोर पेन टेकवलं तेव्हा पहिलं अक्षर त्यांच्याच नावाचं पडलं. मी ते खोडायला गेले, तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, “राहू दे काकू, पुढे तुझं लिही.” ते तसंच आहे ना? नीट करायला म्हणून कोणाला हात लावू देऊ नकोस. ती सही आमच्या दोघांची आहे, आणि बरोबर आहे.

काकू